सोळा पूर्ण होण्याआधी

योसू, मे महिना

प्रिय हेरान,

आज गुरुवार, आपलं गावच्या बायकांचं न्हाणीघर बंद. हौद रिकामे करून घासून झाले, फरशा वाळतायत आणि मी गल्ल्यावर बसून तुला लिहितेय. रोज फोनवर बोलतो, मग ताईला आज कागद-पेन का सुचलं, असं तुझ्या मनात येईल. खरं सांगायचं तर फोनवर मी तुझ्या एकटीशी कधी बोललेच नाही. तुझा फोन दुकानातल्या फळीला टेकवलेला असतो, तू सुशीचा भात पसरत असतेस, आणि मी काही विचारलं की तू आधी उजवीकडे बघतेस, मग उत्तर देतेस. उजवीकडे तुझा नवरा ग्यूहान मासे कापत असतो. तो दिसत नाही, पण त्याच्या सुरीचा आवाज थांबतो, त्यावरून मला कळतं की माझा प्रश्न त्यालाही ऐकायचाय. अशा फोनवर काय बोलणार? हवा कशी आहे आणि गिऱ्हाईक कसं आहे, एवढंच.

इकडे सगळं ठीक. बॉयलरने थंडीत दोनदा दगा दिला, आता नीट आहे. दोलसानच्या आजी अजून रोज पहाटे पहिल्या येतात आणि गरम हौदात बसून सगळ्या गावाची उलटतपासणी घेतात. मोहरीच्या पानांची किमची यंदा झणझणीत झालीय. तुझ्यासाठी बांधलीय, कशी पोचेल ते पुढे कळेल. तुझी लेक सोदाम माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीय. बोलते कमी, पण हसली की डिट्टो तू. हे तुला पडद्यावर दिसत नसेल, कारण पडद्यावर ती हसत नाही.

तुम्ही दोघं ऑकलंडला गेलात तेव्हा तू मला विमानतळावर काय सांगितलंस, आठवतं? "ताई, इथला कायदा नववी होईपर्यंत मुलीला सोडत नाही. मधेच नेलं तर शाळा अडवते. नववी झाली की लगेच नेते." मी मान हलवली. शाळेचे कायदे मला कुठून ठाऊक असणार? मला प्राथमिकनंतर काढलं तेव्हा अडवायला कुठलाच कायदा आला नव्हता. तू पाटी घेऊन शाळेत जायला लागलीस तेव्हा मी पुसानला बुटांच्या कारखान्यात होते. हे मी उगाळत नाही, फक्त तुझा शब्द मी का मानला ते सांगतेय. आपल्या घरात शिकलेली तू.

मग पालकसभेला मी गेले. सोदामच्या वर्गशिक्षिका मिनबाई मला म्हणाल्या, "आईवडील तर देश सोडून गेलेत ना? मग ही अजून इथे कशी?" मी तुझं वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखवलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अहो, अख्खं कुटुंब परदेशी राहायला जात असेल तर मुलीला इथल्या सक्तीतून सूट मिळते. शाळा कशाला अडवेल? आम्ही तर दाखले तयार करून देतो." घरी येताना मी मनाशी म्हटलं, हेरानच्या ऐकण्यात चूक झाली असेल. रात्री जेवताना घास तोंडाशी थांबला. तुमचे तिघांचे व्हिसाचे सगळे कागद तूच भरले होतेस, आणि त्यात एक काना-मात्रा चुकला नव्हता. तू कायदा चुकीचा ऐकणाऱ्यांतली नाहीस.

तरी मी गप्प बसले. तेव्हा तुझं म्हणणं होतं, सोदामचा व्हिसा अडकलाय. अडकला असेल. पण नवीन वर्षाला ग्यूहान फोनवर आला, जरा घेऊन बसला होता, आणि लेकीला म्हणाला, "तुझा व्हिसा केव्हाचा झालाय गं, ऑगस्टपर्यंत चालतो, तू काळजी करू नकोस." तू मागून येऊन फोन घेतलास आणि विषय किमचीवर नेलास. सोदामने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहिलं नाही. दोघींनी वाडग्यातलं सूप संपवलं.

त्याआधी डिसेंबरात दहावीपासूनच्या हायस्कूलसाठी नावं द्यायची होती. तू म्हणालीस, "हायस्कूल काही सक्तीचं नाही ताई, दोन-तीन महिन्यांसाठी गणवेश कशाला शिवायचा? ती इकडेच येणार." मिनबाईंचा मला दोनदा फोन आला. मी त्यांना तुझंच वाक्य ऐकवलं. तुझी वाक्यं पोचवण्याचं काम मी चोख केलं. फेब्रुवारीत नववी संपली. मार्चमध्ये सोदामच्या मैत्रिणी नव्या गणवेशात आमच्या दारावरून गेल्या, आणि ही माझ्या गल्ल्यावर बसून बायकांना टॉवेल आणि कुलपाच्या किल्ल्या द्यायला लागली. बायका विचारायच्या, "आज शाळा नाही का गं?" ती म्हणायची, "मी परदेशी चाललेय." मार्चमध्ये हे ती मान वर करून सांगायची. एप्रिलमध्ये किल्ल्या मोजत सांगायची. दोलसानच्या आजींना तर तुला माहितीय, तोंडाला कुलूप नाही. हौदातूनच ओरडल्या, "हेसुक, तुझी भाची खरंच जाणार आहे, की तू फुकटात कामाला ठेवलीयस?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. त्या दिवसापासून सोदामने परदेशाचं नाव काढलं नाही. कोणी विचारलं तर म्हणते, "शाळा संपली माझी."

मग तुझं पार्सल आलं. तू तिचं माप मागितलं होतंस, खांदे, कंबर, पाऊल. मला वाटलं तिथल्या शाळेचा गणवेश शिवत असशील. त्या आठवड्यात मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटले होते. पार्सलमध्ये निघाले काळे बूट. चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, "घरात घालून थोडं चालत जा, म्हणजे पाय रुळतील." हेरान, ओल्या फरशीवर माझा जन्म गेलाय, त्याआधी बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवण्यात गेलाय. तेलकट, ओल्या जमिनीवर घसरू नये म्हणून जो तळवा लावतात तो मला अंधारातही हाताला कळतो. शाळेत जाणाऱ्या मुलीला असले बूट कोणी पाठवत नाही. सोदामने ते घालून पाहिले. "छान बसतात," म्हणाली, आणि काढून पुन्हा खोक्यात ठेवले.

त्यानंतरच्या रविवारी मिनबाई अंघोळीला आल्या. गल्ल्यावर सोदामला पाहून त्यांचा चेहरा उतरला. नंतर केस पुसत माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा मावसभाऊ तुमच्याच देशात असतो, दुसऱ्या शहरात. म्हणाल्या, "तिथे मूल सोळा पूर्ण होईपर्यंत शाळेत असलंच पाहिजे, नाहीतर आईबापांना जाब विचारतात. सोळा झाल्यावर मात्र ज्याची त्याची मर्जी. शाळा हवी तर आहे, नको तर कोणी दारात येत नाही. हिला सोळा कधी?" मी सांगितलं, जूनमध्ये. "आणि तिकीट कधीचं?" त्यांनी विचारलं. तू म्हणाली होतीस तेच मी सांगितलं, जुलै, तिथल्या शाळांची वर्षाच्या मध्यातली सुट्टी संपली की. बाईंनी टॉवेलची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि गेल्या.

इथे नववी झाली, आता कायदा विचारत नाही. तिथे सोळा झाले की तिथलाही विचारणार नाही. मधल्या या चार महिन्यांत मुलगी कुठल्याच देशाच्या शाळेत नाही, आणि ते चार महिने तू एकेक सबब सांगून माझ्याकडून पार करून घेतलेस. हे मी लिहिलं खरं. माझा संशय खोटा असू दे. पण मागच्या आठवड्यात मी सहज म्हटलं, सोदाम पंधराची आहे अजून, तर तू पटकन म्हणालीस, "कसली पंधरा, सतरा झाली की ती." परदेशात राहतेस, सगळं त्यांच्या पद्धतीनं करतेस, आणि लेकीचं वय तेवढं आपल्या आजीसारखं, जन्मताच एक धरून आणि दर नवीन वर्षाला एक वाढवून, मोजतेस?

हे सगळं मी आधीच का विचारलं नाही, तेही सांगते. गेल्या छुसकला, सणाच्या दिवशी, मी फक्त एवढंच म्हटलं होतं की मुलीला लवकर ने. तेव्हा तू म्हणालीस, "तुलाच ती हवीय ताई. स्वतःचं मूल झालं नाही, आता माझं धरून बसलीयस, आणि वर मलाच दोष देतेस." तू नंतर सॉरी म्हणालीस, पण ते माझ्या मनात रुतून बसलं. त्यानंतर तुझ्यावर संशय आला की मी आधी स्वतःला विचारायची, हेसुक, हे खरंच दिसतंय, की तुला असंच दिसायला हवंय? तिकीट पुढे गेलं की मला बरं वाटायचं, हे खोटं नाही. सकाळी तिच्या पावलांचा आवाज आला की मला घर भरल्यासारखं वाटतं. म्हणून माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा उरला नव्हता. काळ्या बुटांनी तो परत आणून दिला.

शेवटी मी सोदामलाच विचारलं. हौद घासत होतो दोघी. म्हटलं, तुला काय वाटतं, आई तुला का बोलावते? तिने घासलेल्या कोपऱ्यावर पाणी ओतलं. मग म्हणाली, "त्यांच्या दुकानात कामाला होती ती मुलगी सोडून गेली ना मावशी, तेव्हापासून आई रोज विचारते, भात शिजवता येतो का नीट, सुरी धरता येते का." म्हणजे तिला माझ्या आधीपासून कळलं होतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तू मला पाठवायला बघतेस की ठेवून घ्यायला, तेच कळत नव्हतं. दोघी माझ्याशी गोड बोलता." हे ऐकून मी ब्रश खाली ठेवला. त्या पोरीने एवढे दिवस आपल्या दोघींवर सारखीच नजर ठेवली होती, हेरान. मी म्हटलं, आता तूच सांग, तुला काय हवंय? "दुकानात उभं राहायला माझी ना नाही," ती म्हणाली. "बाबांची पाठ दुखते, मला माहितीय. शाळेतून आल्यावर उभी राहीन. पण आधी शाळा. कुठलीही चालेल, इथली किंवा तिथली. गल्ल्यावर बसून मी कुणाला आता काहीच सांगू शकत नाही."

तुझ्यावर काय वेळ आली असेल, याचाही मी विचार केला. परक्या मुलखात दुकान, कामाला माणूस टिकत नाही, नवरा वाकून चालतो. घरचं एक माणूस हाताशी आलं तर जीव सुटेल, असं तुला वाटलं असणार. ते मी समजू शकते. पण ते तू मला उघड म्हणाली असतीस तर मी स्वतः महिनाभर येऊन भात पसरला असता. तू मला कायदा सांगितलास. बहिणीला कुणी कायदा सांगतं का?

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. सोदामच्या सामानात किमचीच्या डब्याशेजारी हे पत्र ठेवतेय. शनिवारी ती इंचॉनहून विमानात बसेल, आणि विमान सुटल्यावर मी तुला फोन करेन, त्याआधी नाही, कारण त्याआधी केला तर अजून एक सबब येईल. तिकीट मी माझ्या पैशांनी काढलंय, त्याबद्दल तू एक शब्द काढायचा नाहीस. जूनला अजून अवकाश आहे, तोवर तिथला कायदा तिच्या बाजूचा आहे. मिनबाईंनी तुमच्या घराजवळच्या शाळेला इंग्रजीत लिहिलं, त्यांचं उत्तर आलं, सोमवारी आईवडिलांपैकी एकाने मुलीला घेऊन यावं. तू जा, ग्यूहानला नको पाठवूस. सोळा झाल्यावर तुम्ही तिला काढू शकता, तो तुमचा हक्क, मी अडवू शकत नाही. पण वर्गात बसलेल्या मुलीला बाहेर काढायला तुला तिच्या तोंडाकडे बघून बोलावं लागेल, आणि ते तुला जमणार नाही, एवढी मी तुला ओळखते. तसं झालंच, तर इथे पुढच्या वर्षी हायस्कूलला तिचं नाव मी घालेन, हे तिला सांगून ठेवलंय. काळे बूट पण पाठवतेय, संध्याकाळच्या कामाला उपयोगी पडतील. पाकीट मी मुद्दाम चिकटवलेलं नाही. वाटेत वाच म्हणून मीच तिला सांगितलंय. तेव्हा हे वाचून झालं की मान वर कर, हेरान. समोर तुझी लेक उभी असेल, आणि तुला जे ठाऊक आहे ते सगळं तिलाही ठाऊक आहे. आता उजवीकडे न बघता तिच्याशी बोल.

तुझीच,
मोठी बहीण हेसुक