जर्मनची थाळी

भुसावळ,
ता. ९ मार्च १९५७

शालिग्रामले हेमसिंगचा रामराम.

मी खुशाल आहे. कोळशाच्या यार्डातलं काम चालू आहे. डोळ्यात भुकटी जाते, बाकी तब्येत बरी. तुझ्या मायले, काकूले, नमस्कार सांग. किन्हीराजाले गेला तं तांड्यावर माझ्या याडीले सांग, तुझा पोरगा धडधाकट आहे.

तुझी कादंबरी भेटली. मले वाचाले येळ लागते, म्हणून लखीरामनं खोलीवर सगळ्याईले मोठ्यानं वाचून दाखवली. एक मालकाचा पोरगा, एक त्याच्या घरचा गुराखी, दोघं संगं लहानाचे मोठे होतात. मालकीण दोघाईले एका ताटात वाढते, तिथं लखीरामनं पानावर बोट ठेवून वाचणं थांबवलं. म्हणे, "अशी मालकीण भेटली असती तं मी गाव कायले सोडलं असतं?" रामसिंग म्हणे, "दोस्त असावा तं असा." इंद्रभान बुढा तेवढा उठला अन् बाहेर थुंकून आला. "लई गोड आहे बाप्पा. मले मळमळून राह्यलं."

तो गुराखी मीच, हे कोणाले सांगितलं नाही. पुस्तक उशाशी ठेवलं होतं, त्या पानाची अशी शिसारी आली की मोरीजवळ नेऊन ठेवलं.

संगं तू पेपरातलं कात्रण धाडलं. अमरावतीचे कोणी प्राध्यापक लिहितात, या मैत्रीले भिंतच नव्हती. भिंत होती, शालिग्राम. गोठ्याची. तिच्या कोनाड्यात माझी जर्मनची, हलक्या अल्युमिनची, चेपलेली थाळी राहे. काकू वरून भाकर टाके. खाणं झालं की मी थाळी घासो अन् पालथी घालो.

तू विसरला म्हणावं तं तसंही नाही. आपण एका ताटात जेवलो, पण त्या थाळीत, गोठ्यात, एकच खेप. अंबाडीची भाजी होती. तूच आला, म्हणे, "सरक ना बे," अन् मांडी घालून बसला. काकू दारात आली तं तू म्हटलं, "यानंच बसवलं मले." तुझ्या बापूनं मले दाव्यानं मारलं. काकूनं थाळी उकिरड्यावर फेकली अन् तुले आंघोळीले बसवलं. दुसऱ्या दिवशी मी ती थाळी उचलून आणली, राखेनं घासली अन् परत कोनाड्यात ठेवली. भूक तं लागे. तू पाहिलं अन् दप्तर घेऊन शाळेत गेला.

हे लिहिलं असतं तं इंद्रभान उठला नसता.

आता म्हणतोस, कारंजाले सत्कार आहे, खरा दोस्त म्हणून संगं बस, लोकाईले दोन शब्द सांग, मग घरच्याईसंगं पंगतीले थांब. येतो. पण एका बोलीवर. ती थाळी माझ्याजवळ आहे, आजही तिच्यातच जेवतो. पंगतीत मी ती घेऊन बसीन. काकू वाढन अन् तू माझ्या थाळीतच जेवशील, सगळ्याईसमोर. नसन जमत तं पत्र धाडू नको, मी समजून घेईन.

तुले "सरक ना बे" म्हणावं लागणार नाही.

आधीच सरकून बसलेला,
हेमसिंग