गोधडीचा झेंडा

बाबा,

काल पंधरा ऑगस्ट होता आणि मी तुमच्या शाळेत जाऊन आले. तुम्ही गेल्याला सोळा वर्षं होत आली, तरी गावात ती अजून गुरुजींचीच शाळा आहे. हेडमास्तरीण बाईंचा फोन आला, ‘मॅडम, तुम्ही गुरुजींच्या कन्या, झेंडावंदनाला तुम्हीच पाहुण्या पाहिजेत.’ मी आधी नाहीच म्हणत होते. बुलढाण्याहून एवढ्या सकाळी निघायचं, गुडघे धरतात, आमच्या ऑफिसातही झेंडावंदन असतं, असं काय काय सांगून पाहिलं. खरं कारण तेवढं सांगितलं नाही. मग मनाशी म्हटलं, पुढच्या वर्षी रिटायर होतेय, आणखी किती टाळणार? या वेळी जायचं आणि माइकसमोर उभं राहून सांगूनच टाकायचं. पर्समध्ये ती वही घातली आणि निघाले.

वही तुमचीच. ऑगस्ट लागला की तुम्ही पाचवीच्या मुलांना गावात पिटाळायचात. प्रश्न दोनच. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी तुम्ही काय करत होता, आणि इंग्रज का गेले. वही एकच, ती पाळीपाळीनं घरोघर फिरायची; एका माणसाला एक पान. वर नाव, खाली उत्तर. ‘आधी नाव, मग उत्तर. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. माहीत नाही म्हणाला तर माहीत नाही असंच लिहा. ज्याला माहीत नाही त्याचंही पान मले पाहिजे.’ एरवी शाळेत तुम्ही पुस्तकी बोलायचात, पण जीव लावून काही सांगायला लागलात की ‘मले’ यायचंच. मी तेव्हा पाचवीत होते. वर्गात तुम्हाला गुरुजी म्हणायचे आणि घरी बाबा, आणि दोन्ही ठिकाणी घाबरायचे.

काल एसटीत बसून मी ती वही चाळली. केवढी मजा आहे हो तिच्यात! एका म्हाताऱ्यानं सांगितलंय, ‘इंग्रज काऊन गेले? त्याइले इथलं ऊन सोसेना.’ दुसरा म्हणतो, ‘मी त्या दिवशी वावरात निंदत होतो. मले कोणी सांगतलंच नाई.’ एकीचं उत्तर, ‘ते तिकडं पुण्यामुंबईले झालं असंन.’ आणि चहाच्या टपरीवाल्याचं ते, जे तुम्ही पुढे जन्मभर सांगत राहिलात: ‘पंधरा ऑगस्टले देश जन्मला, अन् सव्वीस जानेवारीले त्याचं बारसं.’ ते वाचून तुम्ही मांडीवर थाप मारली होती. घटना म्हणजे काय हे इतकं नेमकं पुस्तकातही नाही, असं म्हणाला होतात. लोकांना माहीत नाही म्हणून तुम्ही कधी चिडला नाहीत. चिडायचात ते माहीत असल्याचं सोंग आणणाऱ्यावर. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं लिहून आणलं होतं, आमचे आजोबा मोठमोठ्या पुढाऱ्यांबरोबर तुरुंगात होते. तुम्ही तिला तीन प्रश्न विचारलेत, फक्त तीन, आणि ती रडायला लागली. तिच्याच हातानं तुम्ही ते पान फाडायला लावलंत. ‘चुलीत गेलं तरी चालंल, वहीत खोटं नको.’ त्या फाटलेल्या पानाची कड अजून वहीत आहे. तिच्या पुढचं पान माझं आहे.

मला तुम्ही गोधडीवाल्या आजीकडे धाडलं होतं. मुद्दाम धाडलं होतं, हे मला आता कळतं. आपलं गाव शिवेवरचं. ओढ्याच्या अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. तुम्ही दर वर्षी फळ्यावर रेघ काढून सांगायचात की, पोरांनो, इथून तीन मैलांवर जायला स्वातंत्र्याला तेरा महिने लागले. ती आजी त्या तेरा महिन्यांत पलीकडून आली होती, नवरा मागे ठेवून, कडेवर दोन वर्षांचं पोर घेऊन. गावात गोधड्या शिवून तिनं पोर वाढवलं. तिचा नवरा कुठे गेला, ती एकटी कशी आली, हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

मी गेले तेव्हा ती ओट्यावर गोधडी पसरून बसली होती. मी वही उघडून प्रश्न वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘पंधरा ऑगस्ट? पोरी, त्या दिवशी आमच्याकडं काईच झालं नाई. जे झालं ते मंग झालं.’ तिची सुई थांबली. तिनं ओढ्याकडे पाहिलं. मग बाजूचं चिंध्यांचं बोचकं सरकवून तिनं मला जागा केली. ‘बस. पानी पेतं का वं? सांगते.’ पण श्रावण होता, बाबा. नागपंचमीचा झोका अजून निंबावर होता आणि मैत्रिणी तिथून हाका मारत होत्या. मी म्हणाले, ‘आजी, उद्या येते.’ ती म्हणाली, ‘ये. मी आठवून ठेवते सगळं.’

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही कागदी झेंडे आणायला साखरखेर्ड्याच्या बाजाराला गेला होतात. आई भाकरी थापत होती, मी चुलीच्या उजेडाला बसून पेन चावत होते, आणि संध्याकाळी वही तुम्हाला दाखवायची होती. मला ती गोधडी आठवली. मी लिहिलं की त्या दिवशी पलीकडे निजामाच्या मुलखात झेंडा लावायला बंदी होती, तेव्हा आजीनं गोधडीच्या चिंध्यांतून केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन तुकडे काढले, रातोरात झेंडा शिवला आणि पहाटे शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीला बांधला. अर्धं पान भरलं. मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, ‘बाई गं, इतकं धाडस!’

पाटी-दप्तर आवरत होते तोच दारात गोधडीवाली आजी. धुतलेलं लुगडं नेसली होती, केस पाणी लावून चापून बसवले होते. एरवी तिला मी कधी अशी पाहिली नव्हती. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. ‘पोरी, तू आली नाईस म्हनून मीच आली. कालपासून आठवून राह्यली मी. आता सांगता येईन मले. लिव.’ मी म्हणाले, ‘आजी, झालं लिहून.’ ‘झालं?’ ती म्हणाली. ‘मी तं अजून काईच सांगतलं नाई.’ आतून आईनं विचारलं, कोण आहे गं. मी ओरडून सांगितलं, ‘कोणी नाही, गोधडीवाली आजी आहे.’  आजी ‘बरं’ म्हणाली आणि गेली. तिच्या त्या ‘बरं’मध्ये राग नव्हता. राग असता तर मी विसरले असते.

संध्याकाळी तुम्ही कंदिलाजवळ ते पान वाचलंत. चष्मा काढलात, पुसलात, परत वाचलंत. ‘आणि चक्र?’ तुम्ही विचारलंत. मी पापणीही न लवू देता म्हणाले, ‘निळीनं काढलं.’ तुम्ही मान हलवलीत. खिशातलं शाईचं पेन काढून माझ्या हातावर ठेवलंत, जे पेन तुम्ही आईलासुद्धा हात लावू देत नव्हता. पण पानाच्या वर, जिथे मी नुसतं ‘गोधडीवाली आजी’ लिहिलं होतं, तिथे लाल शाईनं लिहिलंत: नाव? मी म्हणाले, विचारून येते. तेही राहिलं. त्या दिवाळीच्या सुटीत मी आजोळी गेले आणि परत आले तेव्हा ती वारली होती.

त्यानंतर दर पंधरा ऑगस्टला तुम्ही भाषणात तो झेंडा शिवायला बसलात, आणि मी दर वर्षी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले. सांगता आलं नसतं असं नाही. मॅट्रिक झाल्यावर सांगता आलं असतं, लग्न ठरल्यावर, नोकरी लागल्यावर. नोकरी तरी कसली मिळावी! तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या कागदांच्या नकला द्यायची. रोज शंभर लोक येतात, आमच्या आज्याचं नाव कुठं सापडतं का बघा म्हणतात, आणि मी कागदावर ‘खरी प्रत’ असा शिक्का मारते. शिक्का मारताना दिवसातून एकदा तरी ते धुतलेलं लुगडं डोळ्यापुढे येतं. मी डोळे मिटत नाही, काम करत राहते, तरी येतं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्हाला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. एका दुपारी अचानक शुद्धीवर येऊन तुम्ही मला विचारलंत, ‘ती म्हातारी नेमकं काय म्हणाली होती गं? पुन्हा सांग.’ खोलीत आपण दोघंच होतो. माझ्या तोंडाशी आलं होतं, बाबा, देवाशपथ आलं होतं. आणि मी पुन्हा तेच सांगितलं. वर एक गोष्ट वाढवली, की झेंडा बांधताना बाभळीचा काटा बोटात गेला आणि पांढऱ्यावर रक्ताचा ठिपका पडला. तुमचे डोळे मिटलेले होते. तुम्ही म्हणालात, ‘हं. आणि नाव?’ मी म्हणाले, माहीत नाही. त्या ‘हं’चा अर्थ मी सोळा वर्षं लावतेय. तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक असून तुम्ही ते पान फाडलं नाहीत, कारण ते तुमच्या पोरीचं होतं? असं असेल तर तुमच्यावर मला फार राग आहे.

काल शाळेच्या भिंतीवर आजीचं चित्र पाहिलं. हातात सुई, मांडीवर तिरंगा, खाली लिहिलंय ‘गोधडीवाली आजी’. चेहरा कुणाचा काढलाय कोण जाणे. एका मुलीनं नऊवारी नेसून भाषण केलं आणि तिच्या भाषणात काटासुद्धा होता. तो मी तुमच्या तेराव्याला लोकांना सांगितला होता, तिथून तो शाळेत पोचला. सरपंच बोलले त्यात निजाम आणि इंग्रज एकच झाले. मी जवळ बसलेल्या चार पोरांना विचारलं, पलीकडच्या गावाला स्वातंत्र्य कधी मिळालं. चौघंही म्हणाली, पंधरा ऑगस्टला. तुमचे तेरा महिने कोणाला माहीत नाहीत, बाबा. एक गोष्ट मात्र सगळ्या गावाला तोंडपाठ आहे, आणि ती घडलेलीच नाही.

माझं नाव पुकारलं. मी वही हातात घेऊन उठले आणि तेवढ्यात हेडमास्तरीण बाईंनी सांगितलं की आज आपल्यात आजींची नात आलेली आहे, तिचा सत्कार मॅडमच्या हस्ते होईल. पस्तिशीची बाई, गावात आशाताईचं काम करते. कपाळाला घाम, खांद्याला कामाची पिशवी तशीच. मी तिला शाल पांघरली, नारळ दिला, तर ती माझ्या पायाच पडली. ‘आत्या, माहा बाप तवा दोन वर्साचा होता. त्याले काईच ठाव नव्हतं. माही आजी कोण होती ते आमाले तुमच्यामुळंच समजलं.’ मग माइकपासून जरा बाजूला नेऊन हळूच म्हणाली, ‘अजून काई सांगतलं होतं का हो तिनं? थोडंबी?’

माझ्याजवळ तिच्या आजीचं खरं असं एकच होतं. ते मी दिलं. म्हणाले, ‘ती आमच्या दारी आली होती. धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून. सांगायचं म्हणून मुद्दाम तयार होऊन आली होती.’ त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मंग?’ तिनं विचारलं.

‘मग सांगितलं की तिनं,’ मी म्हणाले.

माइकवर मी काय बोलले ते आठवत नाही. देशभक्तीवरच काहीतरी बोलले असेन. टाळ्या पडल्या. परत येताना वही पर्समधून काढलीच नाही. आता हे लिहायला बसताना काढली आहे, आणि हे लिहून झालं की कागद त्याच पानात घालून ठेवणार आहे. तुमच्या लाल शाईचा रंग उडालाय, पण ‘नाव?’ अजून नीट वाचता येतं. आजीची नात पाऊण तास माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती, बाबा. आम्ही दोघींनी चहा घेतला, तिनं तिची पोरं दाखवली, मी तिला माझा फोन नंबरही दिला.

आजीचं नाव मी कालही विचारलं नाही.