चार वाकड्या पिना

मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय बारके,

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा होता तसाच आहे. तुझी वहिनी रोज तुझी आठवण काढते आणि माझी खरडपट्टी. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. दुकानात गर्दी होती म्हणून उशीर झाला असं लिहिणार होतो, पण गर्दी कसली! दुपारी मी स्टुलावर बसून पेंगतो, हे वहिनीने तुला कळवलं असेलच.

आधी तुझ्या प्रश्नाचं. तुमच्या कंपनीच्या पुढच्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स सगळं एकाच पाकिटात असणार आणि ते पाकीट मदरबोर्डला सोल्डरने कायमचं डागलेलं. प्रोसेसर काढता-घालता येईल असं सॉकेट नाही, रॅमच्या खाचा नाहीत. असं करायचं की सॉकेट ठेवायचं हे सोमवारच्या बैठकीत ठरणार, आणि सॉकेट काढा म्हणणाऱ्यांची पुढारी तू. बैठकीआधी एका दुरुस्तीवाल्याचं मत हवं, असं लिहिलंस.

तर मत देतो. वेगाबाबत तुझं खरं आहे. रॅम प्रोसेसरला जितकी खेटून, तितकं काम लवकर आणि वीजही कमी, हे माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्यालाही कळतं. पण रॅमची एक चिप गेली की तिच्यापायी धडधाकट प्रोसेसरही कचऱ्यात. परवा एक शिक्षिका असाच डबाबंद संगणक घेऊन आल्या. मी भिंग लावून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मग म्हणालो, बाई, ह्याचं माझ्याच्याने काही होणार नाही. हल्ली हे वाक्य दिवसातून तीनचारदा म्हणतो आणि संध्याकाळी दिवसभर पोती उचलल्यासारखा थकतो. सपाट बसवून स्क्रूने आवळायची रॅम आली आहे म्हणे. निदान ती ठेवता आली तर बघा.

सकाळी एवढंच लिहून मी पाकीट चिकटवलं होतं. आता ते फाडून पुन्हा लिहायला बसलोय.

मागच्या महिन्यात वहिनीने तुझ्या भाषणाचा व्हिडिओ लावला होता. एवढ्या मोठ्या सभागृहात आपली बारकी, म्हणून आम्ही खुर्च्या ओढून बसलो. तू म्हणालीस, "बाविसाव्या वर्षी घरच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाच्या नव्या बोर्डाच्या पिना वाकवल्या. तेव्हा मला कळलं की जिथे माणसाचा हात पोचतो तिथे चूक होणारच. म्हणून मी हात पोचणार नाही असा बोर्ड करायला निघाले." लोक हसले, टाळ्या पडल्या. वहिनीही हसली. मी बेसिनपाशी जाऊन उगाच तोंड धुत राहिलो.

बारके, त्या पिना तू वाकवल्या नव्हत्या. मी वाकवल्या.

आदल्या संध्याकाळी तू घरी गेलीस, तेव्हा तो फोटोग्राफरचा बोर्ड तुझ्या टेबलावर होता. तुझं काम मीच उरकून टाकू म्हणून बसलो. जवळचं दिसेनासं झालं होतं, पण बत्तिसाव्या वर्षी चष्मा लावायला माझी ऐट आड आली. प्रोसेसर सॉकेटवर ठेवताना बोटांतून निसटला आणि कोपऱ्यावर तिरका पडला. सॉकेटात केसासारख्या बारीक अकराशेच्या वर पिना, त्यातल्या चार आडव्या. सुईने सरळ करायला गेलो तर एक तुटली. मग सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लावलं, प्रोसेसर डबीत ठेवला, सगळं तुझ्या टेबलावर होतं तसं मांडलं आणि घरी येऊन जेवलो.

सकाळी तू झाकण काढलंस, प्रोसेसर बसवलास, बोर्ड चालू होईना. पुन्हा उचलून बघितलंस आणि पांढरीफटक पडलीस. मी शेजारीच होतो. दिवा जवळ धरून म्हणालो, "होतं असं कधी कधी." माझ्या आयुष्यात मी एवढं नीच वाक्य दुसरं बोललो नाही.

आधी सॉकेट नीट बघायचं हा बाबांचा नियम तू पाळला नाहीस, हे खरं. पण भावाने रात्रीत असलं काही करून ठेवलं असेल, असं कोणाच्या मनात येईल? बाबा म्हणाले, हिचा हात जड आहे, हिला गल्ल्यावर बसवा. तू महिनाभर घरी एका मेलेल्या बोर्डावर प्रोसेसर ठेवायचीस आणि उचलायचीस, ठेवायचीस आणि उचलायचीस. मला आवाज ऐकू यायचा. मग शिकायला म्हणून गेलीस ती परत आलीच नाहीस. मी लोकांना सांगत राहिलो, हुशार आहे, मोठ्या ठिकाणी गेली.

परवा चहा पिताना बाबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "तिला सांगितलंस?" मी नाही म्हणालो. "मग आधी तिला सांग. तोवर माझ्याशी बोलू नकोस." तेव्हापासून घरात आम्ही दोघं वहिनीमार्फत बोलतो.

मी दुकान वाचवायला हे लिहीत नाहीये. दुकान तसंही मार्चअखेर बंद करतोय. ते तुझ्यामुळे नाही, मी दमलोय म्हणून. वेगासाठी सॉकेट काढावंसं वाटलं तर काढ, खुशाल काढ. तुझ्याएवढं त्यातलं मला कळत नाही. पण आपला हात वाईट म्हणून काढू नकोस. बाबांच्या टेबलाशी बसलेल्या सगळ्यांत तुझा हात हलका होता. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि त्याचा थोडा हेवाही वाटायचा. तोही आज कबूल करतो.

पत्र कुरिअरने पाठवतोय, शुक्रवारपर्यंत तुला मिळेल. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. माफ कर असं लिहायला पेन धजत नाही. एवढंच कर, सोमवारी बोलायला उभी राहशील तेव्हा पिनांचं ते वाक्य बोलू नकोस. आणि बाबांना एकदा फोन कर. तुझ्याशी काय बोलायचं ह्याची ते दोन दिवस मनातल्या मनात जुळवाजुळव करतायत.

फक्त वयाने मोठा,
दादा