सणसरला म्हशीच

३ फेब्रु., सोम.
भाजीवाल्या बचत गटाच्या शांताबाई सकाळीच बँकेच्या सणसर शाखेत. गटाला शीतखोली बांधायचीय, कर्ज हवंय. मेथी-कोथिंबीर ठेवायला जागा नाही, म्हणून व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावी लागते. मागणी चोख. मॅनेजर म्हणून शिफारस लिहिली, बारामतीच्या मुख्य कचेरीला पाठवली.

६ फेब्रु., गुरु.
बारामतीहून मोठ्या साहेबांचा फोन. खोली नामंजूर. "यंदाच्या कर्ज-आराखड्यात सणसरला म्हशी आहेत, मॅडम. म्हशी द्या." कुणी ठरवलं? "वरून." वर बसतं तरी कोण?

७ फेब्रु., शुक्र.
गटाला सांगितलं. शांताबाई भडकल्या. "आमी मागितली खोली, तुमी गळ्यात बांधताय म्हस! वैरण काय सरकार टाकणार हाय?"
साहेबांचा सल्ला तर कहर. कागदावर म्हशी दाखवा, बायका काय बांधायचं ते बांधतील. म्हणजे सही माझी खोटी, आणि उद्या अडकणार त्या. नाही करणार.

९ फेब्रु., रवि.
पणदऱ्याला घरी. मी चिडून म्हणाले, असल्या सरकारी बँका विकून टाका एकदाच्या. आबा जेवता जेवता थांबले. "पोरी, आपल्या वस्तीतल्या मानसाला विहिरीला कर्ज कुणी दिलं? ह्याच बँकंनं. सावकारानं ओट्यावर बी घेतलं नसतं."
खरंय. म्हणूनच तर राग जास्त. आपलीच बँक, आणि अशी...

१२ फेब्रु., बुध.
व्यापारी गटाकडे जाऊन आला. खोली तो बांधणार, पण माल दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. निम्म्या बायका तयार. सरकार म्हैस देतं, बाजार दावं!

१४ फेब्रु., शुक्र.
शांताबाईंना घेऊन थेट साहेबांसमोर. बसा कुणी म्हटलं नाही, त्या आपणहून बसल्या. "सायेब, दूध शिंपडून कोथिंबीर टिकती व्हय?"
साहेब हसले नाहीत. माझ्याकडे वळून, "तुमच्या बदलीचा विचार करावा लागेल."
"करा. शिफारस मागं घेणार नाही."
साहेबांनी शिफारशीचा कागद पुढे ओढला. मग, "वर कळवतो."

१७ फेब्रु., सोम.
वरून काही नाही. व्यापाऱ्याला उद्या उत्तर हवंय. शाखा बंद होता होता शांताबाई आल्या. "म्याडम, त्याला न्हाय म्हनू का?"
"म्हणा."
मान हलवून गेल्या. इतर बायकांना समजावायला.
कुणाच्या जोरावर म्हणाले मी?