स्वयंपाकघरातला टीव्ही

४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर नाही, म्हणून तू तोंड फुगवून बसला असशील. बासष्टाव्या वर्षी शोभत नाही. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता, मशीनवरून उठायची सोय नव्हती. तुला टेलिफोन एक्स्चेंजने बहिरा करून घरी पाठवलं नसतं, तर दोन मिनिटांत फोनवर बोलून मोकळी झाले असते. आता तुझ्या कानांपायी माझ्या बोटांना शिक्षा.

सोमवारी दुपारी एक फोन आला. माणूस गोड बोलत होता. त्याने यांचं पूर्ण नाव घेतलं, टीव्हीच्या डब्याचा नंबर घडाघडा सांगितला आणि म्हणाला की तुमची योजना संपली, अर्ध्या दरात नवी देतो, नाही तर टीव्ही आज बंद होईल. मोबाइलवर सहा आकडे आलेत, तेवढे वाचून दाखवा. माझ्या तोंडात टाचण्या, समोर कापलेली बाही. टीव्ही बंद म्हटल्यावर माझे हातपायच गळाले. तुला माहीत आहे, यांची वाचा जाऊन चौदा महिने झाले. दिवसभर तो प्राण्यांचा चॅनेल बघतात. जिराफ आला की उजव्या हाताचं एक बोट उचलतात. अख्ख्या दिवसात माझ्याशी तेवढंच बोलणं. ते बोट गेलं तर माझ्याकडे काय उरलं?

चार आकडे वाचले होते मी. तेवढ्यात इस्त्रीखाली कापड जळल्याचा वास आला म्हणून फोन टाकून धावले. एका पोराची पँट गेली आणि मी वाचले. नंतर कंपनीत विचारलं तर ते म्हणाले, आमच्याकडून असा फोन केलेलाच नाही. माझीच लाज वाटली. सगळ्या गल्लीला शहाणपण शिकवणारी मी.

वहिनीला नमस्कार, भाच्याला आशीर्वाद. नोकरीचं काही जमलं का त्याचं? लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नेहमीसारखं जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. जळक्या पँटपाशी हसू आलं, पण पुढचा घास उतरला नाही.

ताई, आता कानाला खडा लाव. असे फोन ओळखणं अवघड नाही. खरी कंपनी आकडे विचारत नाही, तिच्याकडे ते असतातच. घाई करणारा माणूस खोटा समजायचा. संध्याकाळी सहाला बंद होईल म्हणतात. सहाच का, तर तोवर कंपनीचं ऑफिस मिटतं आणि तुला खरं-खोटं करायला कोणी सापडत नाही. आधी नाव आणि नंबर सांगतात, म्हणजे आपल्याला वाटतं याला सगळं ठाऊक आहे. विचार करते म्हटलंस की आवाज मऊ करतील, काकू म्हणतील. कोणी काकू म्हटलं की फोन ठेवायचा आणि बिलावर छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करायचा.

पण नंबर फुटला कुठून, ते शोधायला हवं. एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं मी तेच केलं. लाईन बिघडली की एकेक टप्पा वेगळा करून तपासायचा. तुझा नंबर तीन ठिकाणी आहे: कंपनी, डबा बसवणारा दुकानदार आणि कोपऱ्यावरचा रिचार्जवाला. तिघांना सांग की दुसरा टीव्ही घेणार आहेस, पण प्रत्येकाला खोली वेगळी सांग. पुढचा लबाड ज्या खोलीचं नाव घेईल, तिथे फॉल्ट.

आनंदाची गोष्ट म्हणजे तुझा भाचा नोकरीला लागला. डिसेंबरातच लागला, दृष्ट लागू नये म्हणून बोललो नव्हतो. फोनवर वस्तू विकण्याचं ऑफिस आहे, टेबल-खुर्चीचं काम. दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडलेला पोरगा आता सकाळी दाढी करतो. घर बदललंय, ताई.

भाऊजींना नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
टिल्लू


२६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाच्याची बातमी वाचून डोळे भरले. यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, तर जिराफ नसतानाही बोट उचललं. याच माणसाने त्याला सायकल शिकवली होती, विसरले नाहीत. ऑफिसला घालायला दोन शर्ट शिवून पाठवते आहे. कॉलर साडेपंधराची धरली आहे. नोकरीने मान जाड झाली असेल तर कळव.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कंपनीला सांगितलं, पाहुण्यांच्या खोलीत टीव्ही घेते. दुकानदाराला माळा सांगितला. तो माझ्याकडे बघतच राहिला. माळ्यावर कोण बघणार, म्हणाला. मी म्हटलं, उंदीर. रिचार्जवाल्याला गॅलरी सांगितली. खोटं बोलायला एवढी मजा येते हे आधी माहीत असतं, तर आयुष्य बरं गेलं असतं.

आणि खरं सांगायचं तर बोलता बोलता मलाही हाव सुटली. स्वयंपाकघरात खरंच एक छोटा टीव्ही घ्यावा म्हणते. यांची खुर्ची तिकडे ओढली की मी पोळ्या लाटताना ते समोर असतील. चार शिलाया जास्त घेतल्या की झालं.

फोन परत आले नाहीत. लोभ असाच ठेव, जुन्या कापडासारखा, धुऊन मऊ झालेला.

तुझी,
ताई


५ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शर्ट मिळाले, अगदी अंगाबरोबर बसले. तुझा भाचा आरशासमोरून हलेना. तुझं पत्र टेबलावर वाचलं, उंदरांपाशी तुझ्या वहिनीला ठसका लागला. स्वयंपाकघरात टीव्ही म्हणजे आता भाजी करपणार, हे मी लिहून देतो. भाचाही विचारत होता की आत्या टीव्ही कधी घेणार, कोणता घेणार. त्याला तुझी काळजी आहे.

कान जास्तच बिघडलेत. शेजारच्या खोलीत कोणी मोठ्याने बोललं तरच ऐकू येतं. बाकी सगळं ठीक आहे. मायेत अंतर नको, ही विनवणी.

तुझा,
टिल्लू


१९ मार्च

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

हे पत्र टेबलावर वाचू नकोस. एकटा असशील तेव्हा वाच.

काल दुपारी पुन्हा फोन आला. या वेळी मुलगी होती, आवाजावरून विशीतली. यांचं नाव घेतलं, डब्याचा नंबर सांगितला आणि म्हणाली की काकू, संध्याकाळी सहाला टीव्ही बंद होईल. मग म्हणाली की एकाच पैशात स्वयंपाकघरातल्या नव्या टीव्हीलाही जोडणी देतो.

मी खुर्चीवर बसले. पाहुण्यांची खोली नाही, माळा नाही, गॅलरी नाही. मी शांतपणे विचारलं की बाळ, हे तुला कोणी सांगितलं. ती म्हणाली, कागदावर लिहिलंय. कामाचा तिसराच दिवस होता तिचा, घाबरून बोलत होती. मी म्हटलं, आणखी काय लिहिलंय ते वाच, म्हणजे नीट उत्तर देते. बिचारीने वाचलं. नवरा अंथरुणाला, बोलत नाही. दिवसभर प्राण्यांचा चॅनेल. टीव्ही बंद म्हटलं की हिचे हातपाय गळतात.

टिल्लू, हातपाय गळाले हे मी कंपनीला सांगितलं नव्हतं, दुकानदारालाही नाही. मी ते तुला लिहिलं होतं. माझेच शब्द एका परक्या पोरीने मला वाचून दाखवले.

स्वयंपाकघरात मी कुठलाही टीव्ही घेत नाहीये. ती चौथी थाप होती. तू तीन ठिकाणं लिहिलीस, चौथं लिहिलं नाहीस. एक्स्चेंजमध्ये तूच पोरांना शिकवायचास की तपासणी आपल्या टेबलापासून सुरू करायची. त्या तुझ्या नियमापायी तुमचंही टेबल तपासावं म्हटलं. देवाशपथ, मला वाटलं होतं की तिथे काही निघणार नाही. निघालं नाही की तुला चिडवायचं ठरवलं होतं.

आणि एक सांग. पहिल्या पत्रात मी फक्त आज बंद होईल असं लिहिलं होतं. सहाचा आकडा मी लिहिला नव्हता. तो तू मला लिहिलास. तुला कुठून कळला?

उत्तराची वाट बघते.

ताई


२७ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला. घरच्यांना सापळा लावलास म्हणून शिव्या घातल्या मनात. दोन दिवस तसाच होतो. मग राग धरायला जागा उरली नाही.

तो शेजारच्या खोलीत सराव करायचा. मोठ्याने. संध्याकाळी सहाला बंद होईल, काकू, संध्याकाळी सहाला. मला दुसरं काही ऐकू येत नाही, पण ते यायचं. काम काय आहे ते मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही. पोरगा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल, ही भीती होती. मला वाटलं, परक्यांना फोन करतात. ओळख ना पाळख, आपल्याला कोण दिसतंय.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी त्याला विचारलं. त्याने आईची शपथ घेऊन नाही म्हटलं आणि मी ते मानलं, कारण मला मानायचं होतं. तुला त्या खुणा लिहिल्या त्या एवढ्यासाठी की निदान तू तरी वाचावीस. चौथं ठिकाण लिहिताना पेन पुढे गेलं नाही. काल तो रडला. म्हणाला, कागद भरून दिल्याशिवाय पगार देत नाहीत, माहितीतली माणसं संपली, मग आत्याचं नाव आणि तुमच्या वहीतला तिच्या डब्याचा नंबर दिला. फोन त्याने स्वतः केला नाही, एवढं तरी ऐक.

ताई, तक्रार करू नकोस. तो आत जाईल आणि त्याची आई जगणार नाही. मी तुझ्या पाया पडतो. तुझं नाव कागदावरून काढून टाकलंय, त्याने माझ्यासमोर खोडलं. तुला पुन्हा कधी फोन येणार नाही.

पूर्वीचा लोभ आठव.

तुझा,
टिल्लू


८ एप्रिल

चि. टिल्लूस,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तुझी भीती मला कळते. सोळा महिने मीही एका माणसाच्या बोटावर जगते आहे. भाचा भिंतीकडे तोंड करून पडलेला असताना त्याच्या उशाशी मी आठ दिवस बसले होते, ते तू विसरला असशील, मी नाही.

माझं नाव खोडलंत. टिल्लू, माझ्या वरचं आणि खालचं नाव कोणी खोडलं? मागच्या गल्लीत एक म्हातारा कंपाउंडर राहतो. त्याच्या बायकोला दिसत नाही, ती टीव्ही नुसता ऐकते. त्यालाही सहाचाच फोन आला. त्याच्या घरी कापड जळलं नाही. त्याने सहाही आकडे वाचले. आता सगळ्यांना सांगतो की आपण मूर्ख, आणि दार लावून बसतो. तू म्हणतोस परके. माझ्या दारापासून तो चाळीस पावलांवर आहे. तुझ्या दारापासून मी किती लांब होते, ते तूच मोज.

सोमवारी मी त्याला हाताला धरून पोलीस चौकीत नेलं. पुरावा काय, असं विचारलं. मी तुझं अकरा फेब्रुवारीचं पत्र पुढे ठेवलं. साहेबाने ते पूर्ण वाचलं आणि म्हणाला, या माणसाला सगळं बारीकसारीक माहीत आहे. अक्षर कोणाचं, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या धाकट्या भावाचं, अक्षर लहानपणापासून सुंदर. पत्र परत मिळणार नाही म्हणाले. माझ्याकडे तुझी तीनशेच्या वर पत्रं आहेत, त्यातलं ते एकच मला वाचवण्यासाठी लिहिलेलं होतं. तेच देऊन आले.

भाच्याचं नावही मीच सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळावं असं वाटलं नाही म्हणून लिहिते. त्याने आपण होऊन सगळं सांगितलं तर त्याचा विचार करू, असं साहेब म्हणाला. त्याला घेऊन तू ये, एकटा पाठवू नकोस. वहिनी माझं तोंड बघणार नाही, ते मी गृहीत धरलंय.

यांना काही सांगितलेलं नाही. मागे भाच्याच्या नोकरीची बातमी सांगितली तेव्हा बोट उचललं होतं. ते तसंच राहू दे.

भाच्यासाठी तिसरा शर्ट कापून ठेवला होता. कापलेलं कापड दुसऱ्या कोणाच्या अंगाला होत नाही, म्हणून शिवून सोबत पाठवते आहे. चौकीत जाताना तोच घालू दे. कॉलर साडेपंधराचीच आहे.

या वेळी लोभ मागत नाही.

ताई