सुटल्याचे पेढे

समरजित, अनेक आशीर्वाद.

तू गोरव्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलास, तेव्हा आईने सबंध सोसायटीत पेढे वाटले होते. ते संपायच्या आत आम्हांला तुझ्या खोलीचं दार फोडावं लागलं.

आता दर शनिवारी मी त्याच केंद्राच्या फाटकाशी उभी असते. सुटून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "अंगाची सवय मोडलीये रे. ब्राउन शुगर पुन्हा घेतलीसच, तर पहिल्याइतकी घेऊ नकोस, जीव जाईल. आणि दाराला कडी लावू नकोस."

पेढे घेऊन आलेले गुजराती नातेवाईक माझ्यावर तडकतात, "बेन, शुभ बोलो ने!"

काल माझं ऐकून निघालेला एक पोरगा पाठमोरा अगदी तुझ्यासारखा चालला होता. मी तुझ्याच नावाने हाक मारून बसले.

तो वळला. म्हणाला, "नाही लावणार कडी, ताई."

तुझी,
मृदुलाताई