सोप्यातली खाट

प्रिय आई,

वजनानं तुझा घात केला, की वजन उतरलं तेव्हा तुझा जोरच गेला? मला सांगता येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, पण इथं त्या पदवीचा काही उपयोग नाही.

आज विचारते, कारण तुझ्या नणंदेला, हातकणंगल्याच्या आत्याला, तुझ्यासारखाच अर्धांगवायू झालाय. अंगानं तीही तुझ्यासारखीच. लोकांनी पुन्हा तेच सुरू केलंय, "वजनच नडलं!"

तुझी खाट बाहेर सोप्यात टाकली होती, भेटायला येणाऱ्यांना बरं म्हणून. लोक शहाळं ठेवायचे आणि तुझ्यासमोरच म्हणायचे, "एवढं अंग, उठंल कशी?" अण्णा आणि काका तुला धरून बसवायचे तेव्हा तू हसायचीस, "उचलाय चार माणसं एकदाच लागत्यात की. रोज कशाला?" आम्हीही हसायचो. तुला ते किती लागलं होतं, आई!

तुझं ताट रिकामं यायचं, आम्ही निर्धास्त. मग खिडकीखालचा मोत्या गुबगुबीत दिसायला लागला.

"भाकरी कुत्र्याला घालतीस व्हय?" अण्णा ओरडले.

"त्येला कुठं कोण उचलतंय!"

डॉक्टर वजन कमी करा म्हणाले, तेवढंच तू धरून बसलीस. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं होतं ना? "वजन पुढं सावकाश उतरवू. उपाशी राहिलात तर चरबीबरोबर ताकदही जाईल. उभं राहायला मांड्यांत जोर लागतो." का ऐकलं नाहीस गं? स्वतः म्हशीची धार काढायची होती ना तुला?

तू हलकी झालीस. अण्णा एकटेच तुला उचलायला लागले. पण आधार धरून उभी राहायचीस, तेही थांबलं. पुढं खोकल्याचं निमित्त झालं आणि तू गेलीस.

पोटभर जेवली असतीस तर चालली असतीस? ताईसुद्धा छातीठोक सांगत नाहीत. पण लोकांच्या बोलण्यापायी तू घास टाकलास, हे मला अजून गिळवत नाही.

आत्यानं काय आणि किती खायचं, ते ताईंना विचारूनच ठरवीन. मात्र तिला एकटीला जेवू देणार नाही, हा माझा शब्द.

काल तिला आपल्याकडं आणलं. अण्णा म्हणाले, "खाट सोप्यात टाक. पावणं येतील की."

मी ती स्वयंपाकघरात टाकलीय, आमच्या ताटांशेजारी. खिडकीपासून लांब.

तुझी,
सुनी